जिनिंगच्या काट्यावर निघालेला प्रश्न: देश ताकदवान होतो म्हणजे नेमकं काय होतं?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

परवा काकांसोबत कापूस घेऊन जिनिंगला (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात) गेलो होतो. काट्यावर आमच्यापुढे अकरा ट्रॅक्टर. नंबर लागेस्तोवर टपरीवर जी चर्चा झाली ती इथे उतरवतोय, कारण तिथे मला उत्तर देता आलं नाही.

विषय अर्थातच भावाचा. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये, लांब धाग्याचा ८,११०. खेडा खरेदीवाला व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो. का? तर परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ते का उठवलं? तर अमेरिकेने आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून वर आणखी २५ टक्के कर लावला, कपडे निर्यात करणारे अडचणीत आले, त्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून. आणि ते दुसरे २५ कशाचे? आपण रशियाचं तेल घेतो त्याचे.

काका तंबाखू मळत सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे भांडन त्यास्नं, अन् भाव पडना आपला." (भांडण त्यांचं आणि भाव पडला आपला.)

आता गंमत बघा. आपला देश अमेरिकेपेक्षा जास्त कापूस पिकवतो. तरी जगाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर ठरतो आणि आपण मोबाईलवर तो बघत बसतो. जास्त पिकवणारा ताकदवान नाही, तर मग ताकदवान कोण आणि तो तसा होतो कसा?

पुस्तकी उत्तरं मला येतात. माहान नावाच्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १८९० साली मांडलं की समुद्र ज्याचा, व्यापार त्याचा आणि म्हणून जग त्याचं. मॅकिंडर या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने १९०४ साली ते उलटवलं: आता रेल्वे आली, युरोप-आशियाच्या पोटातला भूभाग ज्याच्या ताब्यात तो भारी. वॉल्ट्झ आणि मिअरशायमर हे अमेरिकी अभ्यासक म्हणतात, जगात पोलीस ठाणं नाही, ज्याने त्याने आपली काठी बाळगावी. वॉल्ट्झच्या मते पुरेशी काठी हातात आली की देश थांबतो. मिअरशायमरच्या मते कधीच थांबत नाही. जोसेफ नाय (२०२५ च्या मे महिन्यात गेले) यांनी आकर्षणाची ताकद सांगितली, 'सॉफ्ट पॉवर'. वॉलरस्टीन या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं, जगाची घडीच अशी की मधले देश पक्का माल करतात आणि कडेचे कच्चा पुरवतात. खान्देशी माणसाला हे शेवटचं लगेच पटतं. पण मग दक्षिण कोरिया कडेवरून मध्ये कसा सरकला?

माझं कच्चं मत: कोणाकडे काय आहे ते मोजू नका. कोणाला 'नाही' म्हणणं किती महाग पडतं ते मोजा. झोडपा आता.

काटेवाला

वाचतोय. रुमाल टाकून जागा धरली. संध्याकाळी लिहितो, आत्ता गाड्या लागल्यात.

अमळनेरकर_सर

तापीकाठ, मत चांगलं आहे, पण नवं नाही. कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. क्रम नीट बघा. सैन्य सहावं आहे आणि तिजोरी त्याच्या आधी. पगार थकला की फौज दुसऱ्याच्या दारात जाते, हे त्याला ठाऊक होतं. पुढे तो शक्तीचे तीन प्रकार करतो. मंत्रशक्ती म्हणजे अक्कल आणि सल्ला, प्रभुशक्ती म्हणजे पैसा आणि फौज, उत्साहशक्ती म्हणजे राजाचा स्वतःचा दम. तिघांत त्याने वरचा पाट मंत्रशक्तीला दिला. आपल्याकडे टीव्हीवर रोज रात्री फक्त तिसरी दिसते.

त्याचं मंडल तर खेड्यातल्या माणसाला शिकवावंच लागत नाही. बांधाला बांध लागलेला तो शत्रू, त्याच्या पलीकडच्या बांधाचा तो मित्र. माझी स्वतःची बांधाची केस एकोणीस वर्षं चालली, तेव्हा हे मी अनुभवाने सांगतो.

हा ग्रंथ शतकानुशतकं हरवल्यासारखा होता. म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती पोथी लागली आणि १९०९ साली छापून आला. तोवर आपल्याकडे राजकारणाचं शास्त्र नव्हतंच, असं साहेब बिनधास्त म्हणत असे.

पांझरा

सर, नमस्कार. मी धुळ्याला इतिहास शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

माहानचा पुरावा आपल्या दारात आहे: बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात म्हणून आपण विसरतो, पण फारुकी सुलतानांची ती राजधानी, जुन्या खान्देशाचं मुख्य शहर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खान्देश मुघल सुभा झाला. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून अजमेरला निघाला असताना बुऱ्हाणपूरला थांबला आणि शाहजादा परवेजच्या दरबारात उभा राहिला. तेव्हा कोण कोणाची मनधरणी करत होतं हे सांगायला नको. मुघलांच्या महसुलापुढे इंग्लंडचा राजा म्हणजे किरकोळ वतनदार.

पण त्याच्या दोनच वर्षं आधी, १६१३ मध्ये, पोर्तुगीजांनी 'रहीमी' नावाचं जहाज धरलं होतं. जहाज कोणाचं? जहांगीरच्या आईचं, मरियम-उझ-झमानीचं. त्यावर पोर्तुगीजांचा परवाना होता, तरीही. जमिनीवर लाखांची फौज असलेल्या बादशहाच्या आईला समुद्रावर जायला एका लहान देशाचा कागद काढावा लागत होता, आणि तो कागदही उपयोगी पडला नाही.

मात्र माहानवर थांबू नका. आरमारच सगळं असतं तर पोर्तुगाल मागे का पडला? डचांनी १६०२ मध्ये कंपनी काढली आणि लोकांना भाग विकून भांडवल उभं केलं. इंग्लंडने १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड काढली. कर्जावरचं व्याज पार्लमेंट बुडू देत नाही असा सावकारांचा भरवसा बसला, म्हणून इंग्लंडला कर्ज स्वस्तात मिळू लागलं. फ्रान्सची लोकसंख्या इंग्लंडच्या कितीतरी पट, जमीन सुपीक, पण राजा शब्द फिरवायचा, म्हणून व्याज जास्त. लढाया दोघांनीही उधारीवरच लढल्या. १७८९ साली फ्रान्सच्या राजाची तिजोरी रिकामी झाली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते इंग्रजांचं खरं शस्त्र तोफ नव्हती, पत होती.

मिरची_पावशेर

ताई, हे वाचून आमच्या सोसायटीच्या कर्जाची आठवण झाली. वेळेवर भरणाऱ्याला परत मिळतं, माफीची वाट बघणारा अडकतो. खानदेशात फ्रान्स फार आहेत.

भुसावळ_जंक्शन

कापसाचाच विषय आहे तर मुख्य गोष्ट राहून चाललीये.

१८५८ च्या मार्चमध्ये दक्षिण कॅरोलायनाचा हॅमंड नावाचा सिनेटर अमेरिकेच्या सिनेटमध्ये गरजला की कापूस राजा आहे, त्याच्याशी युद्ध करायची पृथ्वीवरच्या कुठल्याही सत्तेची छाती नाही. त्याचा हिशोब वरवर चोख होता. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून घेत होत्या. १८६१ मध्ये उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं तेव्हा दक्षिणवाल्यांनी सुरुवातीला आपला कापूस आपणच अडवून धरला. डोक्यात एकच: गिरण्या बंद पडतील, इंग्लंड रडत आपल्या बाजूने उतरेल.

इंग्लंड उतरलं नाही. आधीच्या दोन-तीन चांगल्या हंगामांचा माल गोदामात पडून होता. तो संपत आला तोवर इजिप्त आणि हिंदुस्थान धावून आले. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पट चढले. आणि नेमक्या त्याच वर्षांत जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ खान्देशातून भुसावळकडे सरकत होते. माझी नोकरी त्याच रुळांवर गेली, म्हणून हे मला पाठ आहे. रूळ आपल्या सोयीसाठी आले असं शाळेत शिकवलं होतं. नकाशा बघा, कपाशीच्या काळ्या जमिनीतून थेट बंदराला.

१८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. मुंबईत बँका बुडाल्या, समुद्र बुजवून जमीन काढायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या कागदांना रद्दीचा भाव आला.

तेव्हा तापीकाठ भाऊ, दक्षिणेकडे माल होता आणि इंग्लंडकडे दुसरं दुकान होतं. ते दुसरं दुकान आपण होतो. दक्षिणेच्या गुलामगिरीवाल्यांचा डाव मोडण्यात आपल्या आजे-पणज्यांच्या कपाशीचा हात लागला, पण किल्ली त्यांच्या हातात कधीच नव्हती.

तापीकाठ

जंक्शन काका, मानलं! हे एम.ए.ला कोणी सांगितलं नाही.

काटेवाला

आलो. मी सिद्धांत शिकलेलो नाही, पंचवीस वर्षं काटा बघतोय.

आमच्याकडे दोन प्रकारचे शेतकरी येतात. एक दिवाळीच्या आधी येतो, पहिल्या वेचणीचा ओला कापूस घेऊन. त्याला कृषी केंद्राची उधारी फेडायची असते, घरात लग्न असतं. तो भाव विचारतच नाही, "काय द्यायचं ते द्या" म्हणतो. दुसरा ओट्यावर, माडीवर, झोपायच्या खोलीत कापूस भरून ठेवतो. त्यात किडे होतात, पोरांच्या अंगाला खाज सुटते, तरी तो फेब्रुवारीपर्यंत हलत नाही. दर आठ दिवसांनी फोन करून भाव विचारतो आणि फोन ठेवून देतो. कापूस दोघांचा सारखाच. मी व्यापारी म्हणून सांगतो, आम्ही घाबरतो त्या दुसऱ्याला.

देशांचं वेगळं असेल असं मला वाटत नाही.

(दुसऱ्यालाही दर वर्षी जमत नाही. भाव पडत गेला की तोच सगळ्यात जास्त मार खातो. हेही लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही त्याला हिरो कराल.)

अमळनेरकर_सर

काटेवाला, तुमच्या पहिल्या शेतकऱ्याच्या जागी आपला देश एकदा होता. १९६५-६६ चे दुष्काळ. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली तिकडचा गहू यायचा. व्हिएतनाम युद्धावर आपण बोलायचो ते अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेबांना खुपायचं, शेतीधोरण बदला हाही आग्रह होता. त्यांनी वर्षाचा करार न करता जहाजं थोडी-थोडी सोडायला सुरुवात केली. रेशनच्या रांगेत मी वडिलांच्या मागे उभा असायचो, तो लाल गहू आठवतो. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, आमच्या घरी ते पाळलं जायचं. त्या काळात 'नाही' म्हणणं किती महाग होतं, हे आमच्या ताटातून कळत होतं. हरित क्रांतीला इतका जोर का लागला, त्यामागे हेही एक कारण होतं.

केळीबाग_रावेर

कापूसवाल्यांनो, जरा केळीवाल्यांचंही ऐका.

केळी पिकवण्यात भारत जगात पहिला. निर्यातीत पहिला कोण? इक्वेडोर. आपली नवती (नव्या लागवडीची केळी) निघाली की बुऱ्हाणपूर-रावेरच्या भावाकडे डोळे, आणि आखातात गाडी गेली तर चार पैसे जास्त. इराण आपलं चांगलं गिऱ्हाईक होतं. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दबावाने आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. तेलाचे पैसे रुपयांत इथल्या बँकेत जमा व्हायचे आणि त्यातूनच इराणला गेलेल्या मालाचे पैसे फिटायचे. तेल थांबलं, ती विहीर आटत गेली. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे पैसे तिकडे दीड वर्ष अडकून होते. त्याने अमेरिकेचं तोंडही पाहिलेलं नाही. डॉलर म्हणजे काय ते त्याला विचारा.

आणि 'बनाना रिपब्लिक' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीकडे अफाट जमीन होती, बरीचशी पडीक. १९५२ मध्ये आर्बेन्झ सरकारने पडीक जमीन भूमिहीनांना वाटायचा कायदा केला. १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने ते सरकार पाडलं गेलं. केळीच्या घडामागे एक देश गेला. बाग राखताना मला हे कधीकधी आठवतं, मग पंप चालू करायला जातो.

ओहायोतला_खान्देशी

इथे सगळे अमेरिकेवर तुटून पडलेत, तर दुसरी बाजू मांडतो. मूळचा पारोळ्याचा, वीस वर्षं इकडे.

धमकीवर कोणी इतकी वर्षं टिकत नाही. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश पैशाचे नियम ठरवायला बसले. डॉलर सोन्याला बांधला, ३५ डॉलरला एक औंस, आणि बाकीची चलनं डॉलरला. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सनने सोन्याची गाठ सोडून टाकली. तरी डॉलर टिकला. का? कारण जगाला पैसा ठेवायला दुसरी इतकी मोठी, खुली आणि कायद्याची जागा सापडली नाही. पांझरा ताई ज्या पतीबद्दल म्हणाल्या तीच ही. आणि ती नियमांत पेरून ठेवलीये: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळाच्या आसपास आहेत. हात वर न करताच नकार देता येतो.

सुएझ आठवा. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासेरने कालवा राष्ट्रीय केला. ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल चालून गेले, रणांगणावर सरशी त्यांचीच होती. ब्रिटनकडे तेव्हा अणुबॉम्बसुद्धा होता. अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवरने एक गोळी न झाडता पौंडाला आधार द्यायचं नाकारलं, नाणेनिधीचं दार अडवलं. काही आठवड्यांत इंग्रज माघारी. साम्राज्य संपल्याची बातमी लंडनला बँकेतून कळली.

केळीबाग_रावेर

दादा, मग २०२२ मध्ये रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलरचे साठे गोठवले, ती 'कायद्याची जागा'च होती ना? ज्या तिजोरीचं कुलूप मालक कधीही बदलू शकतो तिथे किती दिवस लोक दागिने ठेवतील? त्या वर्षापासून जगातल्या मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आमच्या जळगावच्या सराफ बाजारात तोळा लाखाच्या वर गेला. तुमचा डॉलर आणि आमच्या पोरीचं लग्न, दोन्ही एका धाग्यात आलं की नाही?

ओहायोतला_खान्देशी

मुद्दा मान्य. पण रशियासुद्धा डॉलर सोडून युआनकडे गेला, रुपयाकडे नाही. ते का, यावर वेगळा धागा काढा.

स्पर्धापरीक्षा_नंदुरबार

सर, ताई, दादा सगळ्यांना नमस्कार. जंक्शन काकांना एक शंका. दक्षिणेचा कापूस हरला, तर चीनची खनिजं का जिंकली? चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं जवळपास ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी काहींच्या निर्यातीवर परवाने लावले आणि अमेरिकेच्या मोटार कंपन्या हादरल्या. हॅमंडचंच गणित ना हे?

भुसावळ_जंक्शन

छान शंका. गणित तेच, फरक वेळेचा. कपाशी दुसरीकडे पेरली की सहा-आठ महिन्यांत उभी राहते. शुद्धीकरणाचा कारखाना, त्याचं तंत्र, त्याचं घाण पाणी पचवणारा देश, हे उभं करायला वर्षं जातात. २०१० मध्ये जपानशी बेटावरून वाजलं तेव्हा चीनने हाच नळ आवळला होता. जपानने लगेच ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला, तरी चीनवरची भिस्त पुरती सुटलेली नाही. हॅमंडकडे मक्तेदारी होती एका हंगामाची. चीनकडे निदान एका दशकाची आहे.

सातपुडा

सगळे बाहेरच्या देशांचं बोलताय. मी नंदुरबारकडचा भिल्ल, मला सत्ता आतून कशी बसते ते दिसतं.

१८१८ ला पेशवाई गेली, खान्देश इंग्रजांकडे आला. मराठ्यांना हरवलेली फौज सातपुड्यात आणि सातमाळ्यात आमच्या लोकांपुढे काही वर्षं हतबल होती. ताप, जंगल, वाटा माहीत नाहीत. मग १८२५ मध्ये धोरण बदललं. आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट आला, त्याने भिल्लांसोबत शिकार केली आणि त्यांचीच पलटण उभी केली. खान्देश भिल्ल कोअर, ठाणं धरणगावला. पगार, गणवेश, मान. ज्यांना बंदुकीने धरता आलं नाही त्यांच्याच हातात बंदूक दिली आणि बाकीच्यांना धरायला पाठवलं.

इटलीचा ग्राम्शी तुरुंगात बसून लिहीत होता की राज्य नुसत्या दंडावर चालत नाही, दबलेल्याची संमती लागते. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना ते ग्राम्शीशिवाय माहीत होतं. तेव्हा तापीकाठ भाऊ, तुमच्या व्याख्येत एक भोक आहे. 'नाही' म्हणणं महाग असतं ते ठीक, पण सगळ्यात मोठी ताकद ती, जिच्यापुढे 'नाही' म्हणावं असं मनातच येत नाही.

पांझरा

सातपुडा दादा, हे मी वर्गात सांगणार आहे. श्रेय तुमच्या नावाने.

मिरची_पावशेर

भाऊ, हाई गोट खरी शे. आमच्या पोराला इंग्रजी शाळेत घालताना मी विचारसुद्धा केला नव्हता.

तापीकाठ

सातपुडा, भोक मान्य. रात्रभर डोक्यात होतं.

पण एक ताजी गोष्ट सापडली, कापसाचीच. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना प्रचंड अनुदान देते, त्याने जगातला भाव पडतो. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकला. २००३ मध्ये पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी तेच गाऱ्हाणं मांडलं. न्याय त्यांच्या बाजूने होता, गरज तर ब्राझीलपेक्षा कितीतरी जास्त होती.

काय झालं? ब्राझीलला बदला घ्यायची परवानगी मिळाली आणि त्याने नेमकी दुखरी जागा निवडली. अमेरिकी मालावर कर वाढवूच, शिवाय तुमची पेटंट-कॉपीराइटही पाळणार नाही, म्हणाला. २०१० मध्ये अमेरिकेने वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठीच्या निधीत द्यायचं कबूल केलं, २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं. अनुदान पूर्ण बंद केलंच नाही. तक्रारदाराला पैसे दिले, दुखणं तसंच. आफ्रिकेतल्या चौघांना आश्वासनं मिळाली, उपसमिती मिळाली.

म्हणजे नियम सगळ्यांना सारखेच होते. काटेवाला म्हणतात तसा कापूसही सारखाच होता.

काटेवाला

त्या चौघांच्या खोलीत जागा नव्हती कापूस भरून ठेवायला. बरं, तुमचा काय झाला काकांचा माल? त्या दिवशी दिलात का?

तापीकाठ

नाही ना. व्यापाऱ्याचा भाव ऐकून काका म्हणाले, सरकारी केंद्रावर देऊ. ॲपवर नोंदणी केली, नंबर लागला, काल घेऊन गेलो. ओलावा १४ टक्के निघाला, चालतो १२ पर्यंत. परत आणला. आता माडीवर पसरलाय, मी हे खाली ओसरीवर बसून लिहितोय, कारण वर पंखा लावला की रुई उडते.